सुमनची हजेरी

मास्तरकीत किस्से खिशातल्या खडूच्या तुकड्यांसारखे साठतात. मित्र जमले की मी दर्यापूरच्या मुलींच्या शाळेतल्या सुमनचे सांगतो. हसावं की नाही, हे एम.ए. होऊनही मला ठरवता आलेलं नाही.

*

सुमन चौथीत होती, भाजी पिकवणाऱ्या माळ्याची लेक. डोळे पिवळसर, गुडघे सारखे दुखायचे. ड्रिल मास्तर गावंडे म्हणाले, "सोंग करून राहिली!"

तिची आई डोक्यावरची टोपली उतरवत म्हणाली, "मास्तर, सोंग कराले आमच्या घरी कोनाले सवड हाय?"

*

ती तासाभरात चारदा पाणी मागायची. मी शिस्तीचा! "मधल्या सुट्टीत पी."

त्या दुपारी ती बाकावरच कोसळली. माझ्या पदवीचा उपयोग एवढाच, की नियम तोंडपाठ होता.

*

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले. तिथूनच आलेले एक तरुण डॉक्टर तिचं रक्त तपासून म्हणाले, "हा सिकल सेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आईबापांकडून येतो, कोणाला लागत नाही. पाणी, ऊब, आराम द्या. ताप आला की लगेच पाठवा."

आई म्हणाली, "विळा तं रोज माह्या हाती असते. पोरीच्या रक्तात कोनं ठेवला?"

डॉक्टर कागद चाळत राहिले.

*

सुमनच्या बाकाशी पाण्याचा तांब्या ठेवला, तर अख्ख्या वर्गाला तहान लागली! गावंडे वैतागले, "गुरुजी, हे तं साथीचं दुखनं झालं!"

पण थंडी पडली तेव्हा त्यांचा मफलर सुमनच्या गळ्यात दिसला. विचारलं, तर म्हणाले, "मले उकडते."

*

त्याच थंडीत तिला अकोल्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. आमचा नियम असा, की सलग पंधरा दिवस गैरहजर, तर नाव कमी. आई म्हणाली होती, "नाव कटलं तं तिचा बाप पुन्हा शाळेत धाडनार नाई."

चौदा दिवस झाले. नियमांचं पुस्तक मी पाच वेळा वाचलं. पळवाट सापडेना.

पंधराव्या दिवशी सकाळी हजेरीपटच गायब! गावंडेही गायब. संध्याकाळी ते अकोल्याच्या मोटारीतून उतरले, पट काखेत.

"गुरुजी, आज वर्ग अकोल्याले भरला. तिच्या खाटेपाशी उभा राहून सारी हजेरी घेतली."

"आणि सुमन?"

"डोये मिटलेलेच होते. पन 'हजर' म्हने."

मी पट उघडला. अठ्ठावीस नावं, अठ्ठावीस खुणा.

"अहो गावंडे, बाकीच्या सत्तावीस मुली तर इथं होत्या! त्यांच्या नावाला ओ कोणी दिली?"

"वार्डातल्या बायाईनं. एकेका खाटेवरून, 'हजर!'"