पानी कोनी घातलं?

आमचे बिशपसाहेब ह्याच गावचे, कोपरगावच्या अलीकडल्या आमच्या वस्तीवरले. त्यांचे वडील साखर कारखान्यात उसाच्या मोळ्या टाकायचे. साहेब नगरच्या बोर्डिंगात शिकले, मास्तर झाले, मग पार विदर्भाच्या टोकाला लुथरन चर्चच्या मंडळीत पाळक. सायकलीवर गावंच्या गावं फिरले म्हनं, अन् मग बिशप. पन गावी आले का घरोघर चा प्यायला जानारच.

मागल्या साली ते येनार म्हनून सगळी खूश, अन् मला मातर धास्ती.

त्याचं आसं झालं. माझी पोरगी नुकती जन्मलेली, तान्ही, एकाएकी दूध घेईना, निळी पडाय लागली. नवरा गाडी आनाय पळालेला, आमचे पाळकसाहेब नगरला गेल्ते. म्या तांब्यातलं पानी घेतलं, तिच्या डोक्यावर तीनदा घातलं, म्हनलं पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं तुला बाप्तिस्मा देते. तिचं नावबी ठेवलं नव्हतं अजून. दवाखान्यात नळी लावली, वाचली.

तवापासून सासूबाईंचं चालू, "बाईमानसानं बाप्तिस्मा? आन् नाव न घेता? देवानं हिला वळखायची कशी?"

मला त्येच खाई. त्यो बाप्तिस्मा खोटा, अन् पोरगी परत निळी पडली तर? झोपली का मी नाकाखाली बोट धरून बसायची, श्वास हाय का बघत.

शनवारी साहेब आले. सासूबाईंनी चाच्या आधी तेच काढलं. साहेबांनी बशी खाली ठेवली.

"पोरी, पानी हुतं का?"

"व्हय."

"नाव कुनाचं घेतलंस?"

म्या सांगितलं.

"मग झाला की! आडल्या येळी आपल्यात कुनीबी ख्रिस्ती मानूस देऊ शकतं. आता मी बिशप असलो तरी दुसऱ्यांदा देनार न्हाई."

"पन साहेब, पोरीचं नावच..."

"ज्याचं घ्यायचं त्याचं घेतलंस."

सासूबाई म्हनल्या, "मग पाळक कशाला ठेवलाय?"

"चा प्यायला," साहेब म्हनले, अन् बशी उचलली. "उद्या मंडळीपुढं मी इचारीन, बाप्तिस्मा कोनी दिला. उत्तर हिनंच द्यायचं."

"साहेब, आठवीतनं शाळा सुटली माझी. मला न्हाई जमायचं."

"त्या येळी जमलं न्हवं?"

रविवारी देऊळ, म्हंजी आमचं चर्च, गच्च भरलेलं. साहेबांनी पोरगीला उचललं, तिनं त्यांच्या गळ्यातला क्रूसच धरला मुठीत. मोठ्यानं इचारलं, "ह्या लेकराला बाप्तिस्मा कोनी दिला?"

मागनं सासूबाईंनी ढोसलं, "सांग की गं आता!"

"म्या."

साहेबांनी मान लववली, दुसऱ्या पाळकाफुडं लववावी तशी. मग पोरीचं नाव घेतलं, डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडं दिली.

उपदेश लांबला. ती मांडीवर झोपली. म्या एकदाबी नाकाखाली बोट धरलं न्हाई.