कोटाची चीर

रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यात विनोदिनी बोरकुटेच्या हातचं शिवण अंगाला लागलं नाही असं मराठी घर शोधून सापडायचं नाही. ब्लाउज, परकर, फॉल-पिको, गणपतीच्या मखराचे पडदे, काहीही द्या, बाई नाही म्हणायची नाही. पण गेल्या दोन-तीन वर्षांत तिच्या मशीनवर भलतंच काम येऊन पडलं होतं. घोड्यावर बसणाऱ्यांचे कपडे!

कारण तिची लेक रुचिता. नवरा हरिदास रेल्वेत, सात पिढ्यांत कुणी टांग्यापलीकडचा घोडा पाहिलेला नाही, आणि ही पोरगी शहराबाहेरच्या घोडेस्वारीच्या क्लबात रविवारी लहान मुलांना शिकवायची अन् त्याबदल्यात तिला घोडा फिरवायला मिळायचा. बघता बघता अडथळ्यांवरून उड्या मारायला लागली, स्पर्धांना जायला लागली. रायपुरात गाडीत बसताना घाम, मेरठला उतरलं की धुक्यात दात वाजतात, बंगळुराची तऱ्हा तिसरीच. बॅग मात्र एकच. विनोदिनीनं डोकं लावलं. आत घाम टिपणारा पातळ सुती सदरा, त्यावर कापूस भरलेली बिनबाह्यांची बंडी, वरून कोट. थंडी पडली की चढवा, उकडलं की उतरवा. गोल बाजारातून ताणणारं कापड आणून तिनं घट्ट विजार शिवली, तीही गुडघ्याच्या आतल्या बाजूला शिवण न ठेवता, म्हणजे कातडं सोलवटत नाही. क्लबातल्या शिशिर सरांनी ती पाहिली आणि बाकीच्या मुलांचं कामही तिलाच दिलं. बाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पण त्याच घट्ट विजारीची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायची. शिवायची स्वतः, आणि लेक ती घालून गल्लीतून निघाली की खिडकी लावून घ्यायची. वरून लांब कुर्ता घातल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही.

दसऱ्याला सोनं द्यायला शंकर नगरच्या लताकाकू आल्या, आणि नेमकी तेव्हाच रुचिता कुर्ता क्लबात विसरून थेट बैठकीत शिरली. काकूंनी तिला वरून खाली न्याहाळलं, आपट्याचं पान तिच्या हातावर ठेवलं, आणि ती आत गेल्यावर म्हणाल्या, "काहून वं विनोदिनी, साऱ्या पाऱ्याले कपडे शिवते तू, अन् घरच्या पोट्टीलेच कापड कमी पडलं का?"

काकू हसल्या. विनोदिनीही हसली, पण रात्रीचं जेवण काही तिला गेलं नाही.

मेरठसाठीचा नवा कोट त्याच आठवड्यात मशीनवर होता. रुचितानं बजावून ठेवलं होतं, "आई, लंबाई पुरानेवाले जितनीच ठेव. और पीछे की चीर मत भूलना." घोड्यावर बसलं की कोटाचे पल्ले त्या चिरीतून दोन्हीकडे पडतात, म्हणून ती ठेवायची. विनोदिनीला हे पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं कोट चार बोटं वाढवला आणि चीर शिवून टाकली. एवढ्यानं काय होतंय, पोरगी अंगभर दिसेल, अशी स्वतःची समजूत घातली. डिसेंबरात निघायच्या दिवशी कोट इस्त्री करून बॅगेत ठेवला. घालून बघ, असं काही म्हणाली नाही. रुचितानंही पाहिला नाही. आईनं शिवलेलं घालून बघायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

पोरगी परतली ती हाताला प्लॅस्टर घालून. "गिर गई. मेरी गलती थी," एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी शिशिर सर घरी आले.

"काकू, कोट के ऊपर ही बैठ गई थी ये," सर म्हणाले. "छलांग के लिए आगे झुकी तो कोट ने पीछे खींच लिया. लगाम झटकी, घोड़ा वहीं अड़ गया, और ये उसकी गर्दन पर से नीचे. कोहरे में मैंने भी कोट नहीं देखा. बाद में पूछा, चीर किसने बंद की, तो बोली, मैंने खुद की, आई को बताए बिना. सबके सामने डाँटा मैंने. आपका काम तो मुझे मालूम है ना. बाकी बच्चों के कोट भी आप ही बनाइए."

रुचिता पलंगावर बसली होती. तिनं आईकडे पाहिलं.

विनोदिनीनं तोंड उघडलं. एकच वाक्य बोलायचं होतं. "चाय रखती हूँ, सर," म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली. तिथं चहाचं आधण ठेवलं. लोकांच्या नजरेची लाज तिनं जन्मभर वागवली होती, पण आज स्वतःचीच एवढी लाज वाटली की चहात साखर घातली की नाही हेही तिला कळेना. सरांनी तो चहा प्यायला आणि छान झालाय म्हणाले.

प्लॅस्टर निघाल्यावर नव्या कोटाचं माप घ्यायचं होतं. रुचिता हात पसरून उभी राहिली. विनोदिनीनं टेप तिच्या पाठीवरून सोडला आणि मागूनच म्हणाली, "बाई, थो कोट मीच..."

"मालूम है, आई."

"मंग सरांले काहून नाही सांगितलं?"

"मेरठ में सबके सामने तेरा नाम नहीं लेना था. और उस दिन घर पे तू सामने थी ना. मुझे लगा, तू बोलेगी."

विनोदिनीचे हात थांबले. ती म्हणाली, "उद्या क्लबात येते मी. सरांले मीच सांगीन."

"हव," रुचिता म्हणाली. मग मान मागे वळवून या वेळी तिनं टेपवरचा आकडा स्वतः वाचला. विनोदिनीनं तिचं वाचून होईपर्यंत टेप धरून ठेवला.