वळसंगच्या अलीकडचा चाळीसचा बोर्ड

रफीकभाई,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते आहे. नूरबी उचलते आणि म्हणते, "वो नमाज को गए." नमाज दिवसातून पाच वेळा असते, काल मी सात वेळा फोन केला. खोटं बोलायचं तर जरा बेतानं बोल म्हणावं तिला.

मला राग आला आहे. तुमचा आला आहे, अद्वैतचा आला आहे, त्या गाडीचा आला आहे. माझाही आला आहे, त्याचं पुढे सांगते. या पत्राची एक प्रत मी अद्वैतला पाठवणार आहे. भाचा असला म्हणून काय झालं, त्याला तुमची काहीच माहिती नाही, आणि माहिती नसताना त्याने तुम्हाला पुण्यात बसून कामावरून काढलं. त्यामुळे तुम्हाला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहीन. कंटाळा आला तर पान उलटा.

अद्वैत, रफीक नदाफ हा मैंदर्गीचा माणूस. वडील गाद्यांचा कापूस पिंजायचे. मुलाने पिंजायचं नाकारलं आणि ट्रकचं स्टिअरिंग धरलं, म्हणून बापाने वर्षभर अबोला धरला. पुढे एसटीत लागले. अठ्ठावीस वर्षं अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंत बस चालवली. एक अपघात नाही, एक दंड नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला, तो त्यांच्या बायकोने, नूरबीने, कानातल्याच्या डबीत ठेवला आहे. मी एकदा बघायला मागितला तर तिने आधी हात धुतले आणि मग डबी उघडली. माझे गुडघे गेल्यावर तू ही गाडी घेऊन दिलीस आणि मी ड्रायव्हर शोधला, तेव्हा हे निवृत्त होऊन घरी बसले होते. पहिल्या दिवशी म्हणाले, "मॅडम, मी वेगानं न्हाय न्हेणार. आधीच सांगतो."

आणि तुझी ती गाडी. आरशामागच्या कॅमेऱ्यानं रस्त्याकडेचे वेगाचे बोर्ड वाचते, समोर पडद्यावर लाल गोलात आकडा दाखवते, आणि त्याच्यावर काटा गेला की टुंग टुंग करते. वर एक बाई इंग्रजीत बजावते.

"मॅडम, ही बाई लई बोलते," रफीकभाई, तुम्ही पहिल्याच आठवड्यात म्हणाला होतात.

"मग बंद करा तिचा आवाज."

"नक्को. घरी नूरबीचा कुटं बंद होतो?"

त्या आकड्याशी तुम्ही शर्यत लावलीत. बोर्ड दिसायच्या आधी म्हणायचं, "चाळीस." दोन क्षणांनी पडद्यावर चाळीस उमटायचे. "हरली." पुन्हा, "आता साठ." उमटायचे साठ. "परत हरली." कुंभारीच्या पुढे एकदा पडदा ऐंशी दाखवत असताना तुम्ही गाडी चाळिसावर आणलीत. मी विचारलं तर म्हणालात, "हितला बोर्ड पोरांनी क्रिकेटच्या स्टंपला न्हेलाय. त्या मशीनला काय माहीत? पण हाय चाळीसच." मी चाळीस वर्षं कॉलेजात भूगोल शिकवला, पण जिल्ह्याचे रस्ते इतके पाठ असलेला माणूस मी पाहिला नाही.

दसऱ्याला गाडीची पूजा मी केली. अद्वैत, तू व्हिडिओ कॉलवर होतास. मी बॉनेटवर स्वस्तिक काढायला गेले तर ओरडलास, "आत्या, बॉनेटवर नको, रंग खराब होतो. काचेवर काढ." मग मी काचेवर काढलं. खाली काढलं तर रफीकभाईंना रस्ता दिसायचा नाही, म्हणून मुद्दाम वर, मधोमध, आरशापाशी काढलं. कुंकू तेलात कालवलं होतं, वाळून गळू नये म्हणून. चांगलं वीतभर स्वस्तिक आलं. त्याच्या बरोबर मागे तो कॅमेरा आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही. तुझ्याही आलं नाही, आणि घेतलीस तेव्हा त्या गाडीचं इतकं कौतुक ऐकवत होतास.

दुसऱ्या दिवशी अक्कलकोटला शाळेचा बक्षीस समारंभ होता. अकराला पोचायचं होतं. माझं आवरायला उशीर झाला, त्यात जोडे सापडेनात. गाडी सुरू केली तर पडद्यावर लाल गोल नाही, इंग्रजीत एक ओळ.

"मॅडम, कायतरी म्हणतंय ओ. वाचा की."

मी वाचलं. समोरचा कॅमेरा झाकला आहे, काच पुसा, असं लिहिलं होतं. मला इंग्रजी येतं, डोळे शाबूत आहेत, अर्थ कळला.

"काच पुसा म्हणतंय," मी म्हणाले. "आल्यावर बघू. चला."

तुम्ही वर काचेकडे बघितलंत. स्वस्तिकाकडे. मग माझ्याकडे.

"ते तुमी काढलंय..."

"माहीत आहे मी काढलंय. चला हो, सव्वादहा झाले."

वाटेत मी दोनदा म्हणाले, "जरा दाबा." माणूस अठ्ठावीस वर्षांत कुणाच्या सांगण्यावरून दाबत नव्हता, माझ्या सांगण्यावरून त्याने दाबलं. वळसंगच्या अलीकडे तुम्ही नेहमीप्रमाणे म्हणालात, "साठ." पडदा गप्प. हरली म्हणायलाही कुणी नव्हतं. पुढे पोलिसांची कॅमेऱ्याची गाडी झाडाखाली उभी होती. आपल्याला कुणी अडवलं नाही. समारंभाला आपण वेळेत पोचलो, आणि तिथे पाऊण तास मंत्री यायची वाट बघत बसलो.

चार दिवसांनी अद्वैतच्या फोनवर चलान आलं. वेग त्रेसष्ट, मर्यादा चाळीस, शाळेचा परिसर. फोटोत नंबर स्वच्छ.

"आत्या, शाळेजवळ त्रेसष्ट? वय झालंय त्यांचं. मी दुसरा माणूस बघतो, तू मध्ये पडू नकोस."

इथे माझं येतं. तेव्हाच सांगायला हवं होतं की पडदा मी आंधळा केला, सूचना मी वाचली, दाबा मी म्हणाले. नाही सांगितलं. कारण अद्वैत, तू गेली दोन वर्षं मला पुण्याला न्यायला टपलेला आहेस. माझी चूक झाली म्हटलं की तू उद्या टेम्पो पाठवशील. म्हणून मी नुसतं "बरं" म्हणाले. त्या एका "बरं"चा मला जितका राग येतो तितका तुझ्या सगळ्या शहाणपणाचाही येत नाही.

अद्वैतने तुम्हाला फोन केला, तुम्ही किल्ली आणून टेबलावर ठेवलीत. तेव्हा मी तुम्हाला विचारलं, "काच का नाही पुसली? तुम्हाला कळलं होतं ना?"

तुम्ही म्हणालात, "तुमच्या पूजेचं ते. खाली पार्किंगमधी चार माणसं उभी. मी फडकं घेऊन ते पुसतोय, कुणी मोबाईलवर काढलं तर? कोण इचारणार हाय कॅमेऱ्याचं?"

"मला सांगायचं. मी पुसलं असतं."

"तुमी घाईत होता की."

याच्यावर मी रागावले. अडीच वर्षं माझ्या हातचा चहा प्यायलात, आणि माझ्याच गाडीची काच पुसायला भ्यालात, असं बोलले. चुकीचं बोलले. भीती तुमची नव्हती, ज्यांनी घातली त्यांची होती. पण समोर तुम्ही होतात.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी मी अद्वैतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे, बोलव परत. तसंही चलान गाडीवर आहे, माझ्या नावावर. त्यांच्या रेकॉर्डला काहीच लागत नाही." हे मी खुशीत तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "गाडी तर मी चालवत होतो की मॅडम." नोकरीचं तुम्ही अक्षर काढलं नाही. एवढंच मागितलंत, "एक डाव त्या जागी जाऊ. तितं साठच हाय, मला पाठ हाय. चाळीसचा बोर्ड खरंच लावला असंल तर मी बघतो, माझी चूक म्हणतो, बिल्ला एसटीला परत देतो. नसंल तर तुमी पोलीस साहेबांना इंग्लिशमधी अर्ज लिवा."

बिल्ला असा कुणी परत घेत नाही, असं मी म्हणाले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "कधी जायचं?" मी म्हणाले, "रविवारी नऊला या. आधी ती काच पुसू."

"मी पाणी आणतो, तुमी पुसा," तुम्ही म्हणालात. त्या आठवड्यात तेवढेच एकदा हसलात.

रविवारी तुम्ही पावणेनऊलाच आलात. इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याची बाटली. मी गॅलरीतून बघितलं. पण शनिवारी संध्याकाळी अद्वैत न सांगता आला होता. सोबत दुसरा ड्रायव्हर, तिशीतला, कानात ते पांढरं यंत्र. अद्वैत म्हणत होता, "आत्या, त्यांना बोलावणारच आहोत, पण आजच्या दिवस हा माळशिरसला नेऊन आणू दे, लग्न आहे." किल्ली त्याच्या हातात होती. मी खाली यायला हवं होतं. गुडघे दुखत होते हे खरं आहे, पण त्यामुळे मी थांबले नाही. भाच्यासमोर तमाशा नको, म्हणून थांबले. वरूनच हात केला, "पुढच्या रविवारी." तुम्ही मान हलवलीत. बाटली पार्किंगच्या कट्ट्यावर ठेवलीत आणि गेलात.

पुढच्या रविवारी तुम्ही आला नाहीत. त्यानंतरच्याही नाही.

आता ऐका. नवा माणूस मी दोन दिवसांत हाकलला, तो फोनवर बोलत चालवत होता. अद्वैतला सांगून झालंय की टेम्पो पाठवलास तर मी त्यात बसणार नाही. गाडी खाली उभी आहे, किल्ली माझ्याकडे आहे. कुंकवाला तेल असल्यामुळे ते जसंच्या तसं आहे, वरून धूळ बसली आहे. पडदा अजून इंग्रजीत तेच म्हणतो. तुमची बाटली कट्ट्यावरच आहे, वॉचमनला मी हात लावू दिलेला नाही.

वळसंगच्या अलीकडे चाळीसचा बोर्ड आहे की साठचा, मला अजून माहीत नाही. रोज कुणीतरी त्या रस्त्यानं अक्कलकोटला जातं. शेजारची शिवलीला परवाच गेली, बघून सांगते म्हणाली. मी तिला नको म्हटलं.