चावी काढल्यानंतर

हा अनुभव लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आणि खरं सांगायचं तर मला भीती भुताची नव्हतीच.

मी डोंबिवलीचा. धाकटा भाऊ माधव कल्याणला, खडकपाड्याला राहायचा. निवृत्तीनंतर त्याने टर्बो पेट्रोल गाडी घेतली आणि भेटेल त्याला तिचे गुण ऐकवू लागला — इंजिन छोटं, पण चढावर मोठ्या गाडीसारखं ओढतं. दोषही लपवायचा नाही. इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो तापतो, तेल वेळेवर बदलावं लागतं, आणि लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही. घरी पोचला की तो गाडी चालू ठेवून नुसता बसून राहायचा. म्हणायचा, "दमून आलीये, जरा श्वास घेऊ दे तिला."

"मग पाणीही विचार," मी चिडवायचो.

एकदा ओतूरच्या लग्नाला मी एकटाच ती गाडी घेऊन गेलो. उशीर झालेला. माळशेज घाट दामटत चढलो. तेलाचा लाल दिवा लागला, तरी थांबलो नाही. वर पोचल्यावर भज्यांच्या टपरीशी गाडी तशीच बंद केली. परतताना बॉनेटखालून शिट्टीसारखा आवाज, मागे निळसर धूर. संध्याकाळी माधवच्या हातात चावी दिली आणि "छान चालते रे" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्याचा मुलगा निखिल गाडी घेऊन गेला. टर्बो गेला तो त्याच्या हातात. माधव त्याला नको नको ते बोलला, पुन्हा कधी चावी दिली नाही. मी समोरच बसलो होतो. चहा पीत.

बापलेकांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. पुढे माधव गेला. दुरुस्त झालेली गाडी निखिलने मला दिली — "काका, मला नको ती."

तेव्हापासून कधी कधी मी चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही. चावी माझ्या मुठीत, इंजिनच्या फेऱ्यांचा काटा शून्यावर न येता तिथेच, सीट हलकी थरथरत असते... मग आपोआप शांत. मेकॅनिक म्हणाला, मागाहून फिरतो तो पंखा. चावीशिवाय इंजिन चालूच शकत नाही. त्याच्यासमोर हे एकदाही झालं नाही.

गेल्या महिन्यात भर दुपारी निखिलला विठ्ठलवाडीहून घरी सोडलं. चावी काढली. इंजिन चालूच. तो घाबरला नाही. डॅशबोर्डवर हात ठेवून म्हणाला, "बाबाच ना?"

मी चावी खिशात टाकली.

"अजून माझ्यावर भरवसा नाही त्यांचा. काका, मी त्या दिवशी थांबलो होतो हो. इंजिन चालू ठेवून बसलो होतो."

बोलायला पुरेसा वेळ होता. मला माहितीये, ते मी केलं, मला माफ कर — एवढंच म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलेलं. तेवढ्यात थरथर थांबली. इंजिन बंद झालं.

मी म्हणालो, "उतर रे. दार नीट लाव."