कानामागची रेघ

आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड आवळलं, की तो सुरू. बंद करायची खुंटी कुणालाच सापडली नव्हती. चार केस उरलेल्यांनाही तो अर्धा तास बसवून ठेवायचा. म्हणायचा, “कमी केस कापणं जास्त जिकिरीचं, साहेब. चुकलं तर लपवायला जागा नाही.” हात मात्र असा हलका, की वस्तरा फिरला तरी गिऱ्हाइकाची डुलकी मोडत नसे.

लहान मुलांसाठी खुर्चीच्या दोन्ही हातांवर तो एक फळी टाकायचा. दुकान रिकामं असलं की तिच्यावर त्याची लेक ठकी बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवायची. बोलताबोलता मधेच थांबायची. डोळे एका बाजूला फिरायचे, अंग ताठ व्हायचं, झटके सुरू व्हायचे. रेडिओ तेवढ्यापुरता गप्प. तिला खाली घेऊन, कुशीवर वळवून बसून राहायचा. तान्ही असल्यापासूनचं हे दुखणं. डॉक्टर बदलले, गोळ्यांचे रंग बदलले, झटके तेच.

शेवटी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो उजेडावर धरला. “ही एवढीशी जागा. बाळ पोटात असताना मेंदू घडत होता, तेव्हाच इथली घडण बिघडली. झटके इथूनच उठतात, म्हणून गोळ्यांना दाद देत नाहीत. ऑपरेशन करून एवढा भाग काढता येईल.”

“पोटुशी असताना मी जिन्यावरून घसरले होते,” ठकीची आई म्हणाली. इतकी वर्षं हे ती नवऱ्यापाशीही बोलली नव्हती.

“त्यानं नाही झालं हे. तुमचं काही चुकलेलं नाही.”

बाहेर आल्यावर रेडिओ म्हणाला, “आख्ख्या गल्लीची डोकी माझ्या हाताखालून गेली. घरातलंच तेवढं कळलं नाही.”

केसांचं आमचं आम्ही बघू, असं इस्पितळानं सांगितलं होतं. पण लेकीचं डोकं परक्या हाती द्यायला याचं मन होईना. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यानं तिला फळीवर बसवलं आणि वस्तऱ्याला नवं पातं चढवलं.

“बाबा, मिशीपण काढा.”

“आधी येऊ तर दे.”

“आईला आहे थोडी.”

“हळू बोल, बाई. मला घरी जायचंय.”

हसताना हात हलला. कानामागे बारीक लाल रेघ उमटली. त्यानं घाईघाईनं तुरटी फिरवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना ती रेघ दिसलीच. “वस्तरा कशाला लावलात हो? चिरलेल्या कातडीतून जंतू आत जाऊ शकतात. मेंदूच्या ऑपरेशनला ही जोखीम नको. हे भरून येऊ दे, मग करू.”

जखम भरून नवी तारीख मिळायची वाट बघत असतानाच एका सकाळी ठकीला झटका आला, तो थांबेचना. इस्पितळात सुयांवर सुया झाल्या. ठकी घरी परत आली नाही.

“असा झटका कधीही आला असता,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुमचं काही चुकलं नाही हो,” बायकोही म्हणाली. त्यानं मान डोलावली, गिऱ्हाइकाच्या बोलण्याला डोलवायचा तशी.

सलून पुन्हा उघडलं. शेजारीण धाकटीला घेऊन आली. त्यानं फळी टाकली, कैची घेतली.

“मानेवरचे वस्तऱ्यानं साफ करा,” शेजारीण म्हणाली.

“राहू दे, वहिनी.”

मग नुसता कैचीचाच आवाज. शेवटी पोरीचा कान त्यानं अलगद वाकवला आणि मागं बघत राहिला.

“ठकीची जखम पुरती भरून आली होती, वहिनी,” तो म्हणाला. “नेलं त्या सकाळी काही दिसतसुद्धा नव्हतं.”