पायतणं काढून वाजवायचं

लाटंबार्सेला देवकीआत्याच्या काजूच्या भट्टीबाहेर रविवारी दुपारी चार-पाच जोड पायतणं दिसली की नव्या माणसाला वाटायचं, आत भजन आहे. मग आतून पहिला ठोका यायचा आणि आंब्यावरचे कावळे एकदम उठायचे.

आत हेवी मेटल चालायचं. हे नाव देवकीआत्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हेवी मेटल म्हणजे तुमच्या पाळीचे ट्रक भरतत ता?"

"तेचाच आवाज, आत्ये," निवृत्ती म्हणाला. थट्टेत म्हणाला, पण खोटं नव्हतं.

निवृत्ती गावस पाळी या खाणीच्या गावचा. बाप भिकाजी दोडामार्गाकडून आला आणि खाणीवर ट्रक चालवता चालवता इथलाच झाला. निवृत्ती खाणीच्या वर्कशॉपात लागला. त्याचं काम एकच, ट्रकांचे चेपलेले हौदे घणाने ठोकून सरळ करायचे. आठ तास पत्र्यावर घण, आणि रविवारी ड्रम. माणसाने हात तरी किती चालवावेत! पण त्याला विचारलं तर तो सांगायचा की सहा दिवस दुसऱ्याच्या पत्र्यावर ठोकतो, सातवा दिवस माझा. ड्रमही बराचसा त्यानेच बनवलेला. पायाने मारायच्या पेडलला ट्रकाची स्प्रिंग, बसायला घरातल्या कदेलीची, म्हणजे खुर्चीची, पाठ कापून केलेलं स्टूल, झांजा म्हापशाच्या एका मोडलेल्या लग्नाच्या बँडकडच्या.

मोडलेल्या बँडांना त्या काळात तोटा नव्हता. निवृत्तीचाच पहिला बँड त्र्याऐंशीचा, ‘रेड डस्ट’. तो सात महिने टिकला. मार्च आला की आत्याला भट्टी काजूच्या फेणीसाठी लागायची. तीन महिने तिथे बोंडांचा वास आणि उकळणारी भांडी, गिटारला जागा नाही. जूनमध्ये भट्टी रिकामी व्हायची तोवर कोणीतरी गेलेलं असायचं. एक मस्कतला गेला, एक बँकेत चिकटला. एकाचं लग्न ठरलं आणि सासऱ्याने आधी न्हाव्याकडे नेऊन त्याचे खांद्यापर्यंतचे केस उतरवले. तो पोरगा नंतर रस्त्यात भेटला तरी मान वर करत नसे. मग नवी माणसं, नवं नाव. ‘रेड डस्ट’चं ‘आयर्न ओर’ झालं, पुढे आणखी काहीतरी. माणसं बदलायची, ड्रमवर निवृत्ती तोच.

चौऱ्याऐंशीच्या गणपतीत त्याच्या बहिणीने, सिंधूने, त्याला पकडलं. ती तेव्हा डिचोलीला शिक्षिका होती आणि वर्गात मागच्या बाकावर कोण ऐकत नाही हे तिला पाठमोरी असतानाही कळायचं. निवृत्ती ओट्यावर बसून झांज पुसत होता. ती मागून म्हणाली, "दादा, तुझ्या पाठीवर विंचू आसा."

तो झांज पुसतच राहिला.

ती समोर येऊन उभी राहिली. "केव्हापासून?"

त्याने आधी कानावर हात नेला, मग उगाच केसांवरून फिरवला. डावा कान वर्षापूर्वीच गेला होता, उजवाही जात होता. समोरचा तोंडावर बोलला तर ओठ बघून आणि उरलेल्या उजव्या कानाने तो निभावून न्यायचा. वर्कशॉपात सगळेच ओरडून बोलतात, तिथे कोणाला काय कळणार?

"डॉक्टराकडे चल."

"चलू. पण कोणाक सांगू नको. बँडवाल्यांका तर नाय म्हणजे नाय."

"बहिरो माणूस ड्रम वाजवता, ह्या किती दिवस लपतला?"

"सांगलंय तर उद्याच दुसरो बघतले," तो म्हणाला. "मग माझ्याकडे पत्रो तेवढो रवता."

डॉक्टर म्हणाला, आवाजापासून दूर राहा. ते ऐकून दोघं भावंडं एकमेकांकडे बघत राहिली आणि बसमध्ये बसून घरी आली.

आता प्रश्न असा, की ऐकू न येणारा माणूस बाकी तिघांबरोबर ताल कसा धरतो? निवृत्तीने वाट काढली होती ती आग्नेलच्या अंगठ्यावरून. आग्नेल हा त्याचा गिटारवाला, कोलवाळचा. लहानपणापासून शेतातून अनवाणी फिरलेला, भट्टीतही तो बूट दारात काढायचा. वाजवताना त्याच्या उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर ठोके मारायचा. घड्याळाचा काटा चुकेल, तो अंगठा चुकायचा नाही. निवृत्ती मान खाली घालून त्या अंगठ्यावर डोळे लावायचा. लोकांना वाटायचं, काय तल्लीन होतो.

पण माणसं बदलत होती. नवा येईल तो बुटात असेल तर काय? म्हणून निवृत्तीने नियम केला. बाप भिकाजी देवळात पखवाज वाजवायचा, आणि पखवाजाजवळ पायतण घालून कोणी जात नाही, हे पोरांना ठाऊक होतं. निवृत्तीने तेच पुढे केलं. वाद्य म्हणजे देव, पायतणं बाहेर. भट्टीत आणि स्टेजवरही. हेवी मेटलवाल्यांना हे सांगणं म्हणजे कमालच, पण पोरं इथलीच. हसली आणि काढली. खोटं बोलायचं तर देवाच्या नावावर बोलावं, मग कोणी उलटून विचारत नाही.

गाणारा महेश मात्र त्याला ‘भटजी’ म्हणू लागला. महेश पार्सेचा, बी. ए. मराठी, आवाज फाटका पण चढा. गाणी तोच लिहायचा. त्यांचं मुख्य गाणं खाणीच्या धुळीवर होतं, आणि त्या धुळीनेच घात केला. शहाऐंशी सालात सगळ्या गोव्यात राजभाषा मराठी की कोंकणी हा एकच विषय. घराघरांत अबोला, लग्नं मोडली, तर बँडचं काय घेऊन बसलात. महेश गायचा ‘धूळ’. आग्नेल म्हणायचा, ‘धुल्ल’ म्हण.

"एका अक्षरासाठी भांडतंस?" महेश म्हणायचा.

"तूच भांडता मरे. म्हाका ती धुल्ल खावची पडटा, म्हज्या तोंडांत ती धुल्लच."

"आणि पाळीत ती धूळ आहे. धूळ पाळीत पडते, कोलवाळला नाही."

निवृत्तीला यातलं निम्मं ओठांवरून कळायचं, आणि ओठांवर धूळ काय, धुल्ल काय, फारसा फरक नसतो. त्याला गरज होती ती फक्त सुरुवातीच्या एक-दोन-तीन-चारची. ते दोन्ही भाषांत सारखंच असतं. पण तेवढ्यावर बँड चालत नाही. डिसेंबरात रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसगाड्या बंद झाल्या, आणि त्या बंद रस्त्यांच्या दोन टोकांना महेश आणि आग्नेल राहून गेले. फेब्रुवारीत भाषेचा कायदा झाला. आग्नेलने बोटीवर नोकरी धरली.

जायच्या आदल्या दिवशी तो पाळीला आला. निवृत्तीच्या अगदी समोर उभा राहिला आणि सावकाश, ओठ नीट हलवून म्हणाला, "नव्याक पायतणां काडूंक लाय. विसरूं नाका."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. कधीपासून, ते निवृत्तीने विचारलं नाही. अंगठा इतक्या जोरात का आपटायचा, ते मात्र त्या दिवशी कळलं.

जूनमध्ये आग्नेलच्या जागी गिटारवर विश्राम आला. लाटंबार्सेचाच, आत्याच्या शेजारचा. बोटं अशी चालायची की आग्नेलही गप्प बसला असता. पण त्याच्या पायात बूट होते. कुवेतहून भावाने पाठवलेले, काळे, घोट्याच्या वरपर्यंत, जाड तळाचे. तो ते लग्नातही घालायचा.

"काढ," निवृत्ती म्हणाला.

"भट्टीत काढतंय. स्टेजवर नाय."

"स्टेजवर पण."

"निवृत्तीदादा, हेवी मेटल वाजवतंव काय सत्यनारायण घालतंव?"

महेश हसला. तेवढ्यावर गोष्ट राहिली. राहायला नको होती. त्या वर्षी मेमध्ये गोवा घटक राज्य झालं होतं. पार्सेच्या युवक मंडळाला त्याचा आनंद साजरा करायला डिसेंबर उजाडला, कारण मधे पाऊस, मग भातकापणी. कार्यक्रम दुपारी चारचा, शाळेच्या पटांगणात. महेशचं स्वतःचं गाव. तो म्हणाला, "माझ्या गावात सगळे अनवाणी उभे राहिलो तर लोक म्हणतील नवस फेडायला आले. विश्राम बूट घालणार. बाकीच्यांनी आपलं बघावं."

सिंधू त्या आठवड्यात रोज एकच बोलत होती. "सांगून टाक. विश्राम भलो झील आसा, काढीत बूट."

"विश्राम काढीत. महेश माका काढीत."

"मग नको वाजव."

तो जेवणाचं ताट पुढे सारून उठला.

पटांगणात पाचशे माणसं असतील. पुढे शाळेची पोरं, मागे धोतरं-टोप्या, कडेला बायका. ऊन स्वच्छ होतं. महेश माईकसमोर, म्हणजे निवृत्तीकडे पाठ. बास गिटार वाजवणारा चौथा पलीकडच्या कोपऱ्यात. डाव्या हाताला विश्राम, आणि त्याचे ते बूट. आत अंगठा हलत असेल किंवा नसेल, वरून चामडं ढिम्म. पहिलं गाणं निवृत्तीने विश्रामच्या गुडघ्यावर काढलं. गुडघा कधी तालावर हलायचा, कधी नुसताच. तरी निभलं. टाळ्यांसाठी हात वर झालेले त्याला दिसले.

दुसरं गाणं धुळीचं. सुरुवात बरी झाली. त्याने मान खाली घातली, गुडघा सोडला आणि स्वतःच्या हातांवर भरवसा ठेवला. सहा दिवस घण मारणारे हात, चुकतील कसे? बुडाखाली थरथर होती, ती त्याच्याच ढोलाची. तो वाजवत राहिला. चांगलं वाजवत होता, हे त्याचं त्याला कळत होतं.

मग कोणाचा तरी तळहात येऊन झांजेवर पडला.

महेश होता. निवृत्तीने वर बघितलं. विश्राम गिटार गळ्यात तशीच लोंबकळत ठेवून उभा होता. पुढची पोरं तोंडावर हात धरून हसत होती. मागचे लोक हसत नव्हते, ते अधिक वाईट.

महेशचे ओठ म्हणाले, "करंट गेला."

निवृत्तीने विचारलं, "केव्हा?"

एवढाच एक शब्द. भर उन्हात दिवा विझलेला दिसत नाही. माईक मेला, गिटार मेली, आणि एकटा माणूस पाचशे लोकांपुढे बडवत राहिला होता. महेशच्या तोंडावर राग नव्हता, हिशेब जुळल्यासारखं काहीतरी होतं. भटजी, पायतणं, खाली घातलेली मान, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार.

विश्राम स्टेजच्या कडेला बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. लांब नाड्या होत्या, वेळ लागला. दोन्ही बूट त्याने बाजूला ठेवले, मोजे आत कोंबले आणि येऊन निवृत्तीच्या अगदी जवळ उभा राहिला.

वीज पाऊण तासाने आली. पुढची तीन गाणी अशी झाली की पार्सेत त्यांची वर्षभर आठवण निघत होती. विश्रामने अंगठा इतका आपटला की नख फाटून फळीवर रक्त आलं. निवृत्तीचा एक ठोका इकडचा तिकडे झाला नाही. लोकांना वाटलं, मघाचं ते एकट्याने वाजवणंही कार्यक्रमातलंच असेल.

पुढच्या रविवारी महेश एकटा पाळीला आला. ओट्यावर बसून मोठमोठ्याने बोलला, जसं म्हाताऱ्यांशी बोलतात. सगळा वाडा ऐकत होता. म्हापशाला स्पर्धा आहे, तिथे असं झालं तर, तूच विचार कर.

"तीन गाणी चुकलंय काय रे?" निवृत्तीने विचारलं.

"नाही."

"मग?"

"विश्राम उद्या गेला तर? प्रत्येक नव्या माणसाला मी काय सांगू, पाय दाखव?"

माणसं जाणार हे निवृत्तीइतकं कोणाला ठाऊक होतं? सिंधू आतून तरातरा बाहेर आली. "चार वर्षं बँड कोणी धरून ठेवलो, तो विचार आदी कर," म्हणाली. महेशने चहा तसाच ठेवला आणि गेला. विश्राम आला नाही. येणार होता म्हणे. निवृत्तीने भट्टीतल्या ड्रमवर जुनी चादर टाकली, आणि पुढच्या मार्चात आत्याने त्या चादरीवर काजूची पोती रचली.

महेश येऊन गेल्यावर महिन्याभराने डिचोलीच्या बाजारात भिंतीवर पोस्टर लागलं होतं. नाव नवं, ड्रमवाला नवा. चौघे ओळीत उभे, चौघेही अनवाणी. पार्सेत विश्रामने बूट काढले तेव्हापासून लोक त्यांना तसंच ओळखू लागले होते, मग महेशनेच ते धरून ठेवलं. तो बँडही दीड वर्षात मोडला. विश्राम कुवेतला भावाकडे गेला. महेश शाळेत लागला. त्यांच्यातल्या एकाने दुसरा बँड काढला, त्याच्यातून तिसरा निघाला.

पंच्याण्णव साली डिचोलीला एका महोत्सवात सिंधू त्याला बळेच घेऊन गेली. निवृत्ती तेव्हा चाळिशीकडे झुकलेला, दोन्ही कान पार गेलेले, वर्कशॉपात अजून पत्रे ठोकत होता. स्टेजवर विशीतली पोरं आली. जुन्यातलं एकही तोंड नव्हतं. माईकपाशी येऊन त्यांनी बूट काढले आणि ओळीने ठेवले. निवेदक काहीतरी म्हणाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"काय म्हणालो?" त्याने सिंधूला विचारलं.

ती त्याच्याकडे वळली. रागाने तिचे ओठ नीट हलत नव्हते, त्याला दोनदा विचारावं लागलं. "म्हणता, पायतणां काढून वाजवची आमच्या डिचोलीची जुनी परंपरा. वाद्य म्हणजे देव." ती उठू लागली. "थांब, त्येका जाऊन सांगतंय परंपरा खंयची ती."

त्याने तिचा हात धरून खाली बसवलं. "गप. माका बघूंक दी."

त्याने पायातली चप्पल काढली आणि गिटारवाल्याच्या अंगठ्यावर डोळे लावले. ड्रमवाला पोरगा छताकडे बघत, केस उडवत वाजवत होता. पायांकडे त्याचं लक्षही नव्हतं. गाणं संपलं, हात वर झाले, तेव्हा सिंधूने विचारलं, "कशी वाजवतत?"

"ड्रमवालो बरो आसा," निवृत्ती म्हणाला. "गिटारवालो चौथ्या ओळीत घाई करता. त्येका कोणीतरी सांगूक व्हया."