श्रावणातला तिसरा सोमवार

आमचे दाजी, भीमाशंकर, गंगाखेडच्या तहसिलीत दप्तर सांभाळून रिटायर झाले. गल्लीत कुणाला तिथी, ग्रहण, एकादशी काही विचारायचं असलं तर लोक पंचांग उघडत नसत, दाजींच्या ओट्यावर येत. दाजीही पंचांग न बघताच सांगत आणि सांगून झाल्यावर मिशीवरून हात फिरवत. मला, म्हणजे त्यांच्या मेव्हण्याला, बसवराज मास्तरला, तो मिशीवरचा हात कधी आवडला नाही.

त्यांची बायको मल्लम्मा माझी थोरली बहीण, आमची अक्का. शहाऐंशीच्या संक्रांतीनंतर तिला परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही आणि राहिलेलीही किती दिवसांची ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. परतताना एसटीत अक्का बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. मग दाजींना म्हणाली, "अमरनाथाचं बर्फाचं लिंग बघायचं हाय मला. डोळे हायेत तवर."

तीस वर्षांच्या संसारात तिने स्वतःसाठी मागितलेलं मला तरी दुसरं काही आठवत नाही.

दाजी पेटून उठले. काश्मिरात नोकरी केलेल्या एका फौजी माणसाकडून त्यांनी पहलगामच्या वाटाड्याचा पत्ता मिळवला. रमजान भट त्याचं नाव. दाजी निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे पत्रं थेट उर्दूतून सुरू झाली. अक्कासाठी गरीब घोडा पाहिजे, तंबूत खाली गवत पाहिजे, सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय आम्ही अन्नाला शिवत नाही म्हणून गरम पाणी उजाडायच्या आत पाहिजे. भट प्रत्येक पत्रात 'बेशक' लिहायचा. चंदनवाडी, शेषनाग, पंचतरणी, मग गुहा. दाजींनी या सगळ्याचं एसटीसारखं वेळापत्रक करून भिंतीला डकवलं. शेषनाग, आगमन दुपारी चार. चौदा हजार फुटांवरच्या खिंडीत जेवणाची सुट्टी अर्धा तास. मी हसलो तर म्हणाले, "मास्तर, तुमी फक्त घोंगड्या मोजा."

आमच्याकडे चढ म्हणून नाही. म्हणून ते रोज सकाळी अक्काला गोदावरीच्या घाटावर नेऊन पायऱ्या चढा-उतरायला लावत. ती धापा टाकत मोजायची आणि दाजी वरून ओरडायचे, "आजून चार फेऱ्या!" बायका कपडे धुता धुता हसायच्या. अक्काही हसायची. तिला एवढं खुशीत मी फार दिवसांनी बघत होतो.

दिवस दाजींनी ठरवला. श्रावणातला तिसरा सोमवार, गुहेत दर्शन. भटाला तसं कळवलं, त्याचं 'बेशक' आलं, मनमाडहून जम्मूच्या गाडीचं रिझर्वेशन झालं.

पहिला सोमवार होऊन दोन दिवस झाले होते. दशम्यांचं पीठ दळून आलं होतं. तेवढ्यात पोस्टमन तार घेऊन आला. मी वाचली. भट तीन दिवस घोडे घेऊन पहलगामला थांबला होता. आम्ही कुठे आहोत, असं विचारत होता. राखीला यात्रा बंद होते, हेही त्याने कळवलं होतं.

दाजींनी तार माझ्या हातातून घेतली, पुन्हा वाचली आणि खाली बसले. उत्तरेकडचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होतो. त्यांचा तिसरा सोमवार म्हणजे आपला पहिला. गल्लीला तिथी सांगणाऱ्या माणसाला हे कधी विचारायची गरजच वाटली नव्हती. आपला श्रावण तोच साऱ्या मुलखाचा, असं तो धरून चालला.

राखीला सहा दिवस होते. दाजी बोटांवर मोजायला लागले. मनमाडपर्यंत एक दिवस, जम्मूला दोन, पहलगामला एक, वर चढायला तीन. सात. पुन्हा मोजलं. सातच. शेषनागचा मुक्काम गाळून बघितला, पण अर्ध्या नजरेच्या बाईला अंधारात घोड्यावरून कसं नेणार? मी त्यांच्यावर चिडायला गेलो होतो, पण तो बोटं मोजणारा हात बघून राग ओसरला.

अक्काने आतून सगळं ऐकलं होतं. बाहेर येऊन म्हणाली, "रिझर्वेशन हाय ना? मग जाऊन येऊ की."

"तिथं आता काई न्हाई. बर्फ इतळलं असंल, तंबू बी उठले असतील."

"डोंगर तर दिसतील मला."

 दुसऱ्या दिवशी दाजींनी परभणीला जाऊन तिकिटं रद्द केली. भटाला काय तोंड दाखवू, असं म्हणाले. तेव्हा मी भांडायला पाहिजे होतं. भांडलो नाही, याचा सल मला अजून आहे.

पुढच्या वर्षी दाजींनी भटाकडून इंग्रजी तारीख मागवली, तीनदा खात्री केली. कुणी तिथी विचारायला आलं तर पंचांग त्याच्याच हातात देत. अक्काला मी अधूनमधून विचारायचो, "अक्का, दिसतंय ना?" ती म्हणायची, "दिसतंय की." घरातल्या घरात ती चुलीपाशी, रांजणापाशी बिनचूक जायची. आम्ही विश्वास ठेवला, कारण ठेवायचाच होता.

निघायच्या सकाळी मी ट्रंक टांग्यात चढवली. घोडा दारासमोर मान खाली घालून मुकाट उभा होता. अक्का नवं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन ओट्यावर आली. सरळ समोर बघत उभी राहिली.

"टांगा आला न्हाई का आजून?" तिने विचारलं.

दाजींनी टांगेवाल्याला हाताने थांबायची खूण केली. मग तिच्या हातातली पिशवी हळूच घेतली.

"न्हाई आला," ते म्हणाले. "बस जरा."